मांगून येणारं तिखट

पुण्या-मुंबईचा पाहुणा नागपूरच्या स्टेशनवर उतरला की संत्र्यांच्या खालोखाल तो एकच गोष्ट विचारतो, 'सावजी खरंच इतकं तिखट असतं का हो?' आणि आमच्यातला एखादा भाऊ लगेच छाती फुगवून सांगतो, 'घाम नाही फुटला त सावजी काय खाल्लं बे?' दोघंही मिरचीकडे कुस्तीच्या आखाड्यासारखं पाहतात. एकाला हरायची भीती, दुसऱ्याला जिंकायची हौस. हल्ली तर काही हॉटेलांत 'साधं, मध्यम, झणझणीत, जहाल' अशा पायऱ्याच लिहून ठेवलेल्या असतात. त्या पाट्या पाहिल्या की मला हसू येतं. 'किती तिखट' हा सावजी जेवणाला विचारायचा प्रश्न नाहीच. तिखट कधी येतं आणि तोंडात कुठे येतं, हे विचारायला पाहिजे.

हे मी शिकले ते नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरामागच्या गल्लीत. तिथे हलबा कोष्ट्यांची घरं होती. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. दिवसभर मागाची खटखट चालायची आणि रविवारी सकाळपासून पाट्यावर वरवंट्याची घरघर. सावजी जेवण या विणकरांच्या घरातलं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली, पुढे मिलांचं शहर वाढलं, आणि कोष्टीपुऱ्यातल्या घरांमधून मटणाचे डबे आणि मग खानावळी बाहेर आल्या. आज गोळीबार चौक, पाचपावली, इतवारी या भागांत सावजी पाट्यांची रांग लागते, पण मसाल्याचं मूळ घर ते. पाट्यावर बसणाऱ्या मावशींनी मला एकदा बोटावर मसाला चाखवला आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसल्या. मी म्हटलं, 'मावशी, काहीच तिखट नाही.' त्या म्हणाल्या, 'थांब वं पोरी. तिखट मांगून आलं पाहिजे. आल्या आल्या जिभेच्या शेंड्यावर बसलं त मटणाची चव कोण घेईन?'

आणि ते आलंच. आधी खोबऱ्याची, खसखशीची भाजलेली गोडी, मग दगडफुलाचा तो मातकट वास, मग मिरे, आणि सगळं गिळून झाल्यावर घशाच्या वरच्या अंगाला मिरची. तेव्हा हे का होतं ते मला ठाऊक नव्हतं. मावशींनाही नव्हतं, पण त्यांना ते करता येत होतं.

आपल्याकडच्या षड्रसांत तिखटाला मानाची जागा आहे. मिरची या देशात यायच्या कितीतरी आधीपासून सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकुट आपल्या स्वयंपाकात आणि औषधात होतं. मिरची मूळची अमेरिका खंडातली, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरलेली. म्हणजे ज्या ठेच्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही असं आपण म्हणतो, तो ठेचा ज्ञानेश्वरांच्या काळी कुणी चाखलाच नसणार. मिरचीनं मिऱ्याची जागा इतक्या झपाट्यानं घेतली की तिचं परकेपण कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. कुठल्याही अंगणात उगवते, उन्हात वाळते, वर्षभर टिकते. मिऱ्याला केरळचा पाऊस लागतो, तो वैदर्भीय माणूस कुठून आणणार?

तर षड्रसांत जागा असली तरी शरीरशास्त्र तिखटाला चव मानत नाही. गोड, आंबट, खारट, कडू यांच्यासाठी जिभेवर रुचिकलिकांत पेशी असतात. तिखटासाठी तशा नाहीत. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याला ओळखतात त्या वेदनेच्या आणि उष्णतेच्या नसा. म्हणून तिखट ओठांना लागतं, डोळ्यांना लागतं, मिरची कापल्यावर नखाखाली लागतं, आणि पोटातून पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळीही लागतं. साखर डोळ्यात गेली तर गोड लागत नाही.

या नसांच्या टोकांवर एक प्रथिन असतं. त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ते १९९७ साली हुडकून काढलं, आणि त्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं (स्पर्शाची जाणीव शोधणाऱ्या आर्डेम पाटापुटियन यांच्यासोबत विभागून). हे प्रथिन एरवी बंद असतं. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की ते उघडतं आणि मेंदूला कळवतं, 'भाजतंय!' कॅप्सेसिन नेमकं याच प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तापमान वाढलेलं नसतानाही ते उघडतं. तोंडात चटका नाही, फोड नाही, पण मेंदूला बातमी गेली की आग लागली. मग तो आगीवर जे करायचं ते करतो. घाम, नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, चेहऱ्यावर लाली.

४३ हा आकडा वाचला तेव्हा नागपूरकर म्हणून माझं लक्ष तिथेच अडकलं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, आमचा पारा सहज ४५ च्या पुढे जातो. रस्ते ओस, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, कूलरची घरघर. त्या दिवसांत बाहेरची हवाच त्या प्रथिनाच्या उंबऱ्याशी उभी असते. आणि ऐन त्या दिवसांत इथला माणूस सावजी खाऊन घाम काढतो! हा वेडेपणा वाटतो, पण त्याला एक बाजू आहे. कोरड्या हवेत घाम वाळतो तेव्हा अंग निवतं. मिरची शरीराला फसवून घाम काढायला लावते आणि विदर्भाची कोरडी हवा तो भराभर वाळवते. मुंबईच्या दमट हवेत तोच घाम नुसता चिकटून बसतो. अर्थात रात्रीच्या मटणाला हे कारण पुरत नाही. रात्रीचं मटण आवडतं म्हणून खातात, बस.

कॅप्सेसिन आणि उष्णता एकाच दारावर थाप मारतात, यातून स्वयंपाकघरातल्या बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. कॅप्सेसिन बसलेलं असलं की ते दार आणखी कमी तापमानाला उघडायला लागतं. म्हणून तिखट रश्शावर गरम चहा घेतला तर जीभ पोळते, एरवी तोच चहा कोमट वाटला असता. म्हणून वाफाळता रस्सा जहाल लागतो आणि तोच रस्सा सकाळी शिळ्या भाकरीशी थंडगार खाल्ला तर गुणी मुलासारखा वागतो. थंड पाण्यानं घोटभर बरं वाटतं ते थंडीमुळे. घोट उतरला की आग पुन्हा जागच्या जागी, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळतं तेलातुपात. दूध, दही, ताक यांनी खरा आराम पडतो तो त्यांतल्या स्निग्धांशामुळे आणि केसिन या प्रथिनामुळे. जिभेवरून ते कॅप्सेसिन सोडवून नेतं. सावजी हॉटेलात पाण्याचा जग रिकामा करणारा पाहुणा पाहिला की मला त्याची दया येते. एवढं पाणी पिऊन तो तिखट फक्त तोंडभर पसरवत असतो.

आता मावशींच्या 'मांगून' कडे येते. ताज्या हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला तर तिखट तत्काळ येतं. मिरची ठेचलेली असते, पेशी फुटलेल्या असतात, त्यातलं कॅप्सेसिन ओलसर चोथ्यातून थेट जिभेच्या टोकावर आणि ओठांवर येऊन बसतं. ठेच्याचं ते कामच आहे. भाकरी कोरडी, भूक मोठी, तोंडाला पाणी सुटायला हवं. सावजीचं गणित याच्या अगदी उलट. इथे मिरची तेलात शिजलेली असते, आणि तेल थोडंथोडकं नाही. जुन्या घरांत जवसाचं तेल असायचं. कॅप्सेसिन तेलात उतरतं, तेल ते धरून ठेवतं. घास तोंडात आला तरी तेलातलं कॅप्सेसिन सावकाश सुटतं. त्याच्या आधी कांद्याखोबऱ्याची चव पुढे होते. तेलाचा पातळ थर घशापर्यंत पसरतो आणि मग मागच्या बाकावरून तिखट उठून उभं राहतं.

त्यात मसाला एकट्या मिरचीवर उभा नाही. काळ्या मिऱ्यातलं पायपरीन त्याच टीआरपीव्ही-१ ला धक्का देतं, पण कॅप्सेसिनपेक्षा खूप हलका. सुंठ-आलंही त्याच वाटेनं जातं. आणि लवंग! लवंगेतलं युजेनॉल आधी ऊब देतं आणि मग बधिर करतं. दात दुखला की आजी लवंग धरायला लावायची ती याचसाठी. म्हणजे सावजी मसाल्यात आग लावणारे आहेत तसा आग झोपवणाराही आहे. दगडफूल, तेजपान, जायपत्री, धने, भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, रस्सा दाट व्हायला कुणी ज्वारीचं भाजलेलं पीठ लावतं. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते कुणी कुणाला सांगत नाही. मावशींनीही मला सगळं सांगितलं, फक्त मिरची किती ते नाही. 'हाताले कळते' एवढंच.

बाहेरच्या लोकांना रश्शाचा काळपट रंग पाहून भीती वाटते. तो रंग भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा आणि मसाल्याचा. मिरचीचा लाल रंगही तिखटाची खूण नाही. रंगाची द्रव्यं वेगळी, तिखटाचं वेगळं. ब्याडगी मिरची लालभडक असते आणि तिखटाला बेताची. लवंगी मिरची दिसायला एवढीशी आणि घाम काढते. म्हणून वर्षाचं तिखट करायचं असलं की आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये इतवारीत जाऊन दोन-तीन जातींच्या मिरच्या घेतात. एक रंगाला, एक तिखटाला. मग त्या गच्चीवर वाळवायच्या, देठ काढायचे, कांडपावर न्यायच्या. कांडपाच्या दुकानासमोर नाकाला पदर लावून उभं राहणं हा नागपुरी बायकांचा वार्षिक सोहळाच आहे. हवेत उडालेली ती बारीक भुकटी नाकात-घशात गेली की तिथल्या नसांनाही आगीचीच बातमी मिळते, आणि सगळी रांग एका सुरात ठसकते.

मिरचीचं तिखट बियांत असतं असं अजूनही निम्मं गाव मानतं. बिया निर्दोष आहेत. कॅप्सेसिन तयार होतं ते बिया जिला लटकलेल्या असतात त्या पांढरट शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. भरल्या मिरच्या करताना बिया झटकून शीर तशीच ठेवली तर काही फरक पडत नाही. शीर खरवडली की मिरची निम्मी शहाणी होते. शेतात पाण्याचा ताण बसला तर झाड बहुधा जास्त तिखट मिरची देतं. त्यामुळे एकाच जातीची मिरची यंदा गरीब आणि गेल्या वर्षी खाष्ट असं होतं, दुकानदारानं फसवलं असं लगेच समजू नये.

झाड हे सगळं कुणासाठी करतं? आपल्यासाठी तर नक्कीच नाही. सस्तन प्राणी दाढांनी बी चावून टाकतात. चावलेलं बी उगवत नाही. पक्षी बी सबंध गिळतात आणि दूर नेऊन टाकतात. पक्ष्यांच्या त्या प्रथिनाची घडण अशी आहे की कॅप्सेसिननं ते उघडत नाही. रानमिरची उंदरांना हाकलते आणि पाखरांना जेवू घालते. आमच्या गल्लीतल्या पिंजऱ्यातला मिठू हिरवी मिरची कुडुम-कुडुम खायचा आणि आम्ही पोरं तोंडात बोटं घालून पाहायचो. त्याचं काही शौर्य नव्हतं, त्याला ती काकडीसारखीच लागत असणार. माणूस मात्र असा, ज्याला हाकललं तरी तो ताट घेऊन पुन्हा येतो.

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मिरची खाणाऱ्यांचा अभ्यास करून एक गोष्ट सांगितली आहे, ती मला पटते. लोकांना सगळ्यात जास्त आवडतं ते त्यांच्या सोसण्याच्या हद्दीच्या अगदी अलीकडचं तिखट. शरीर ओरडतंय आणि मनाला ठाऊक आहे की खरा धोका नाही, यातच ती मजा. पण ही हद्द सरकत राहते. सारखं कॅप्सेसिन मिळालं की नसा बोथट होतात, तक्रार करेनाशा होतात. याचाच उपयोग करून कॅप्सेसिनची मलमं आणि पट्ट्या सांधेदुखीवर, नागिणीनंतर राहणाऱ्या दुखण्यावर वापरतात. लहानपणी ज्या रश्शानं नाकातून पाणी यायचं, तो आज मला मध्यम वाटतो, तो रस्सा बदलला म्हणून नव्हे.

बोथट होण्याची गोष्ट निघाली की मला भिवापूर आठवतं. नागपूर जिल्ह्यातला हा तालुका मिरचीसाठी ओळखला जातो, भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन आहे. तिथे मिरचीचे सातरे असतात. उघड्या मोकळ्या जागेवर लाल ढीग पसरलेले आणि त्यांच्या भोवती बसलेल्या बाया मिरचीचे देठ खुडत असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तोंडाला ओढणी, हाताला कधी चिंधी, कधी काहीच नाही. बोटांच्या पेरांतून, नखांच्या कडांतून तिखट आत जातं. घरी जाऊन तान्ह्या पोराला घ्यायचं तर आधी हात तेलानं चोळून मग साबणानं धुवायचे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मी एका बाईंना विचारलं, 'हात भगभगत नाहीत का?' त्या म्हणाल्या, 'भगभगतेत ना बाई. पयल्या दिवशी झोप नाही येत. मंग हातच इसरून जातेत.' हात विसरून जातात. नसांनी तक्रार सोडली म्हणजे त्रास संपला असं होत नाही. आपण ज्याला 'सवय' म्हणून ताटात मिरवतो, ती तिथे मजुरीचा भाग आहे. आपल्या घरी देठ काढलेली मिरची येते तेव्हा किलोच्या भावात ही बोटं दिसत नाहीत. आणि जातिवंत भिवापुरीही आता पूर्वीसारखी दिसत नाही, संकरित वाणांनी तिची जागा घेतली आहे.

तिखट मोजायच्या खटपटीचं मला फारसं कौतुक नाही, पण गोष्ट गमतीची आहे. १९१२ साली विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञानं मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत करत चाखणाऱ्यांना दिला. तिखट लागेनासं व्हायला जितक्या पट पाणी लागलं, तितके त्या मिरचीचे गुण. म्हणजे मोजमाप शेवटी जिभेवरच. आता यंत्रं कॅप्सेसिन मोजतात, पण नाव स्कोव्हिलचंच राहिलं. आपल्या ईशान्येच्या भूत जोलोकियानं २००७ साली दहा लाखांच्या वर जाऊन गिनीज बुकात जगात पहिला नंबर घेतला होता. पुढे कॅरोलिना रीपर आली, २०२३ साली पेपर एक्स २६ लाख ९३ हजारांवर गेली. असू दे. एवढ्या मिरचीचं पिठलं कोण करणार? आकडा तुम्हाला आग किती ते सांगेल. ती दाताशी लागेल की घशाशी, आधी येईल की मटणाला वाट देऊन, यातलं तो काहीच सांगत नाही. तो धंदा रांधणाऱ्या हाताचा.

म्हणून नव्या हॉटेलांवर माझा एक राग आहे. स्पर्धेच्या नादात काही जण मसाला न वाढवता नुसतं तिखट वाढवतात. घास ठेवला की जीभ सुन्न, मग पुढे काय खातोय ते कळत नाही, आणि गिऱ्हाईक घाम पुसत म्हणतो, 'वा, अस्सल!' ते सावजी नव्हे, ती नुसती शिक्षा. परीक्षा करायची तर पाटोडी रस्सा मागवा. बेसनाच्या वड्या, वर मसाल्याचा रस्सा. मटणाची चव पाठीशी नसते, मसाल्याला स्वतःच उभं राहावं लागतं. पहिल्या घासाला बेसन कळलं, दुसऱ्याला खोबरं आणि दगडफूल, आणि तिसऱ्या घासानंतर हात आपोआप कांद्याकडे गेला, तर त्या घरी पुन्हा जावं. निरामिष घरांनीही सावजी पाहायचं ते यातच, किंवा डाळकांद्यात.

घरी करताना रस्सा हाताबाहेर तिखट झाला तर लोक घाबरून पाणी ओततात. पाण्यानं रस्सा पातळ होतो आणि तिखट तेलासकट वर तरंगत राहतं, पहिल्या वाटीवाल्याचा घात करायला. त्यापेक्षा गॅस बारीक करावा, भांडं हलवू नये, तर्री वर येऊ द्यावी. ती लाल तवंगाची पळी-दोन पळी अलगद काढून वाटीत ठेवावी. कॅप्सेसिनचा मोठा वाटा त्या तेलातच गेलेला असतो, तो तेलाबरोबर निघून येतो. मग भाजलेलं सुकं खोबरं आणि चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून लावावं, एक उकळी द्यावी. आणि काढलेली तर्री कृपा करून मोरीत ओतू नये. सकाळी पोहे करायचे, रात्री भिजवलेले हरभरे शिजवून त्या तर्रीत सोडायचे, वरून सांबार (म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) आणि कच्चा कांदा. कस्तुरचंद पार्कच्या ठेल्यावर जाऊन रांगेत उभं राहायची गरज पडत नाही.